गुड इनिंग्ज

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदू,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, साखर गोळीवर, गुडघा नशिबावर.

परवा घोळ करून बसलोय. आमच्या लीड्सच्या ऑफिसातल्या एका पोराचे वडील गेले. पोरगा क्रिकेटवेडा, हेडिंग्लेला कसोटी असली की कामात लक्ष नसतं. म्हटलं, त्याच्याच भाषेत सांत्वन करावं. लिहिलं, 'ही हॅड अ गुड इनिंग्ज.' शाळेत सरांच्या त्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या पिवळ्या वहीत होतं बघ, 'दीर्घ व समाधानी आयुष्य जगणे'. दोन तासांनी उत्तर: 'थँक यू. ही वॉज फिफ्टी-फोर.'

बस, एवढंच. 54 व्या वर्षी गेलेल्या माणसाला मी 'पिकलं पान' म्हणून मोकळा झालो!

वहीत वय कुठे लिहिलं होतं रे? अर्थ घोटून घेतले, पण कुणासमोर काय बोलू नये ते राहिलंच. 'किक द बकेट : मरण पावणे.' आणि तू 1 ऑगस्टच्या भाषणात ठोकून दिलंस, 'लोकमान्य टिळक किक्ड द बकेट इन 1920'! हेडमास्तरांनी टाळ्याही वाजवल्या. हा प्रयोग ग्रोस नावाच्या इंग्रजाच्या 1785 च्या कोशात आहे, पण तो कोशच मुळी शिवराळ, रस्त्यावरच्या बोलीचा. म्हणजे आपल्याकडचं 'गचकले'. टिळक गचकले, नंदू!

हो, आणि 'टर्न अ ब्लाइंड आय : कानाडोळा करणे' यावरून तू माझ्याशी महिनाभर अबोला धरला होतास, तेही विसरलो नाही. कानाडोळा म्हणजे कान आणि डोळा, असं तुझं म्हणणं. अरे, काणा डोळा तो! 1801 साली कोपनहेगनच्या लढाईत इंग्रज आरमाराच्या नेल्सनने माघारीचा इशारा बघायला दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली म्हणतात, तसाच. सरांनी तुझी बाजू घेतली, कारण त्यांच्या घरी दूध तुमचं जायचं.

असो. विषय टाळतोय, ते तुला कळलंच असेल.

अण्णा गेले तेव्हा तुमच्या ओट्यावर बसून मी 'सुटले बिचारे' म्हणालो होतो. दुखण्यातून सुटले, एवढंच मनात होतं. तू काही बोलला नाहीस. आत गेलास आणि पाण्याचा तांब्या भरून माझ्यापुढे ठेवलास. त्या पोराचं उत्तर वाचलं आणि मला तो तांब्या दिसला. इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नाही.

चिंगीचं लग्न ठरलं का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? बोअरला पाणी लागलं का? सगळं कळव.

त्या पोराला काय लिहू ते सुचत नाही. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. माफी मागावी तर पुन्हा त्याच जखमेवर बोट. त्या दिवशी ओट्यावर मी काय म्हणायला हवं होतं, तेवढं सांग. मराठीत सांग. इंग्रजी मी बघतो.

तुझा,
बाळ्या