ब्लॉगस्पॉटचा तो एक ठिपका

प्रिय अव्या,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत राहिलं, पण परवा तुझं चित्र आलं, मराठी संकेतस्थळांचे ठिपके आणि त्यांच्यातल्या दुव्यांच्या रेघा असलेला तो नकाशा, आणि राहवेना. आईचा गुडघा ठीक आहे, माझी साखर ताब्यात आहे.

शनिवारी ते वाचनालयात लावणार आणि खाली लिहिणार की मराठी संकेतस्थळं एकमेकांशी बोलतच नाहीत. अव्या, तसं लिहू नकोस. मधला तो भलामोठा ठिपका बघ, गूगलच्या फुकट ब्लॉग-सेवेचा, ब्लॉगस्पॉटचा. कितीतरी मराठी माणसांची लिहिती घरं त्या एकाच ठिपक्यात कोंबली गेलीत. त्यांनी एकमेकांना दिलेले दुवे ठिपक्याच्या आत राहिले, म्हणून रेघच उमटली नाही. बोलत नाहीत कसं म्हणायचं?

तू जिथून माहिती घेतलीस ते कॉमन क्रॉल, म्हणजे जगभरची वेबपानं गोळा करून फुकट देणारी संस्था, दुव्यांचा आलेख दोन पातळ्यांवर देतं: डोमेनचा, ज्यात अख्खं ब्लॉगस्पॉट एकच, आणि होस्टचा, ज्यात प्रत्येक ब्लॉगचा पत्ता वेगळा. लहान म्हणून तू डोमेनचा उचललास. होस्टचा घे. त्याच्या एका फाइलीत क्रमांक आणि नाव असतं, दुसरीत नुसत्या क्रमांकांच्या जोड्या. नावं उलटी लिहिलेली असतात: आधी कॉम, मग ब्लॉगस्पॉट, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव. अख्खं गेफीत, त्या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये, ओतशील तर लॅपटॉप जागीच बसेल. आधी मराठी होस्टची यादी कर. कॉमन क्रॉलच्या अनुक्रमणिकेत पानापुढे भाषेचा कोड असतो, मराठीचा ‘एमएआर’. एका पानाला तीनपर्यंत भाषा लागतात, तेव्हा पहिली मराठी असेल तेच पान मोज. आणि निम्म्याहून जास्त पानं मराठी असतील तोच होस्ट ठेव. नाहीतर चार मराठी पानांच्या जोरावर फेसबुक आत शिरतं आणि शेअरच्या बटणांमुळे सगळा नकाशा स्वतःकडे ओढतं. मराठी विकिपीडियाचा होस्ट वेगळाच आहे, तो आपोआप राहील. मग दोन्ही टोकं यादीत असलेल्या जोड्याच गेफीत टाक.

त्याआधी एक साफसफाई मात्र हवीच. २०१२ पासून भारतातून ब्लॉगस्पॉट उघडलं की पत्ता डॉट इनवर जायचा. लोकांनी तोच उचलून दुवे दिले. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून गेलं आणि दुवे लटकले. जिथे ब्लॉगस्पॉट डॉट इन दिसेल तिथे ब्लॉगस्पॉट डॉट कॉम कर, नाहीतर एका घराचे दोन ठिपके होतील. यादी करतानाच www असलेले आणि नसलेले पत्तेही एक कर.

युनिकोडच्या आधीच्या फाँटांतली स्थळं यादीत येणारच नाहीत. श्रीलिपीसारख्या त्या जुन्या फाँटांतला मजकूर यंत्राला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ती हातानेच घालावी लागतील. नंदूकडे पत्त्यांची जुनी वही आहे, त्याला आजच फोन कर.

गेफीत ठिपक्यांच्या मांडणीला फोर्सअॅटलास २ ही पद्धत लाव, तिच्यातला लिनलॉग हा पर्याय चालू ठेव म्हणजे गट सुटे दिसतील. ठिपके थरथरायचे थांबले की मगच ‘प्रिव्हेंट ओव्हरलॅप’वर, म्हणजे ठिपके एकावर एक न येऊ देण्याच्या पर्यायावर, खूण कर. आधी केलीस तर ठिपके एकमेकांना अडवतात आणि गट जमतच नाहीत.

आपलं जुनं भांडण आठवतं? रुस्लान एनिकेयेवच्या इंटरनेटच्या नकाशावरून. २०११ च्या अखेरचा तो, साडेतीन लाखांहून जास्त स्थळं. तिथे गोल मोठा म्हणजे वर्दळ मोठी. तुझ्याकडे वर्दळीचा आकडाच नाही. तुझा मोठा ठिपका म्हणजे ज्याला जास्त दुवे आलेत तो, एवढंच. खाली तसं स्पष्ट लिही. वर-खाली, डावं-उजवं यालाही अर्थ नाही, पुन्हा चालवलंस की सगळं फिरेल. लोक विचारतील आपलं स्थळ कडेला का, त्यांना हेच सांग.

एवढं करूनही बेटं सुटी दिसली तर खुशाल लिही, मी खाली सही करीन. पण आत्ताचं चित्र लावलंस तर वीस वर्षं एकमेकांना दुवे देत आलेल्या माणसांना आपण भिंतीवर खोटं पाडू.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? ओवीला दहावीसाठी माझ्या शुभेच्छा सांग.

नवं चित्र शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठव, मी जागा आहे.

तुझा,
दिन्या