बाई, ती पत्रं तुमच्यामुळे वाचता आली

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

ऋणनिर्देशात नाव घालायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद आहे. ती पाळते. पण आभार मानू नकोस असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. बासेल मिशनच्या मंगळुरातल्या कारखान्यांवरचं माझं लेखन पुरं झालं. त्यात जे काही मोलाचं आहे, ते पुण्यात तुमच्या जेवणाच्या टेबलावर हाती लागलेलं आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १८१५मध्ये स्थापन झालेली प्रोटेस्टंट संस्था. तिला बासेलच्या सधन व्यापाऱ्यांचा आधार होता, आणि मिशनरी बहुतेक शेजारच्या वुर्टेम्बर्गमधले, कारागिरांची नि शेतकऱ्यांची मुलं. स्वित्झर्लंडला स्वतःच्या वसाहती नव्हत्या, त्यामुळे ही मंडळी दुसऱ्यांच्या वसाहतींत गेली. १८२८मध्ये आफ्रिकेत डॅनिश ताब्यातल्या गोल्ड कोस्टवर (आजचा घाना), आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३च्या सनदेनं ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना वाट मोकळी झाल्यावर १८३४मध्ये मंगळुरात. तिथून धारवाड, हुबळी, बेटगेरी. इंग्रज ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत, तो भाग.

मी या विषयाकडे आले ती कौलांमुळे. आमच्या कोकणात नळ्यांची छपरं जाऊन मंगलोरी कौलं आली, त्या कौलांच्या पाठीवर मिशनचं नाव आणि १८६५ हे साल उठवलेलं असतं. कारखाना कुणी काढला, हे छापील पुस्तकांत सहज मिळतं: गेऑर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्यानं, नेत्रावतीकाठच्या मातीवर. ती माती कालवणारे, साचे दाबणारे, भट्टी लावणारे हात कुणाचे, हे मात्र कुठे धड मिळेना. बासेलच्या दप्तरखान्यातून पत्रांच्या प्रती मागवल्या, त्या आल्या, आणि मला त्यातली एक ओळ लागेना. माझं जर्मन बरं आहे, पण ती होती जुन्या जर्मन वळणाच्या हस्तलिपीत.

त्या लिपीतला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो. ‘यू’च्या डोक्यावर छोटी चंद्रकोर असते, ती तेवढ्यासाठीच, नाहीतर तोही ‘एन’च. ‘एस’ आणि ‘एच’ दोघेही ओळीच्या खाली लांब शेपट्या सोडून बसलेले. तुम्ही भिंगातून पहिलं पान पाहिलंत आणि म्हणालात, “मोडी वाचतेस ना? मग घाबरतेस कशाला? अक्षर नको बघू, हात कसा फिरलाय ते बघ.” बोरू न उचलता लिहिणाऱ्या कारकुनाचा हात मला ठाऊक होता. त्या दिवशी पहिल्यांदा एक अख्खं वाक्य लागलं, आणि तुम्ही चहा टाकायला उठलात, जणू काही विशेष घडलंच नाही.

पण लिपी शिकवण्यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही नंतर केलीत. मिशनचं जर्मन मासिक १८२८पासून निघत होतं. देणगीदारांनी वाचावं म्हणून त्यात पत्रं निवडून, कापून, नीटनेटकी करून छापत. तुम्ही मला छापील मजकूर आणि हाताचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावलंत. छापील मजकुरात प्रार्थना, धर्मांतरं, कृतज्ञता. पत्रांत ताप, पैशांची ओढाताण, सहकाऱ्यांची भांडणं, आणि लग्नाच्या परवानगीचे अर्ज. मिशनरी अविवाहित जायचा. लग्न करायचं तर बासेलच्या समितीची मंजुरी लागे, आणि अनेकदा पूर्वी कधी न पाहिलेली वधू बोटीनं त्याच्याकडे पाठवली जाई. पुढे मुलं झाली की शाळेच्या वयात बासेलला धाडायची. त्यांच्यासाठी १८५३मध्ये तिथं वसतिगृहच निघालं. त्या आयांची पत्रं वाचताना तुमचा आवाज बसायचा. मला त्या संस्थेच्या शिस्तीचा खरा राग तिथं आला, आजही आहे.

आणि प्रत्येक पत्र संपलं की तुमचा तोच प्रश्न: “आणि तिथली माणसं?”

त्या प्रश्नानंच मला आनंदराव कौंडिण्य सापडले. मंगळूरचे सारस्वत, १८४४मध्ये ख्रिस्ती झाले, १८४६ ते १८५१ बासेलला शिकले, दीक्षा घेऊन पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होऊन परतले. पुढे १८६०मध्ये त्यांनी एका जर्मन स्त्रीशी लग्न केलं. त्याच प्रश्नामुळे विणकामशाळा, छापखाना आणि कौलांचे कारखाने का निघाले हेही नीट कळलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाचं घर सुटे, जात सुटे आणि जातीबरोबर पोटाचा धंदाही. त्याला रोज काम देणं मिशनला भाग होतं. त्या कामाबरोबर वेळापत्रक आलं, प्रार्थना आली आणि वागणुकीवरची नजरही आली. भाकरी मिळाली आणि मालकही मिळाला, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहायचं धाडस मला तुमच्यामुळे झालं.

मंगळूर समजायचं तर आफ्रिकेची पत्रंही वाच, हा तुमचा हट्ट तेव्हा मला जड गेला होता. आता त्याबद्दल वेगळे आभार. १८२८मध्ये गोल्ड कोस्टवर गेलेल्या पहिल्या चौघांपैकी एकही वाचला नाही. नंतर आलेला आन्द्रेआस रीस तेवढा तगला आणि १८३५मध्ये डोंगरावरच्या आक्रोपाँगला गेला. तिथं मिशन खरं उभं राहिलं ते १८४३मध्ये जमैका आणि अँटिग्वाहून आलेल्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती कुटुंबांच्या आधारानं. त्याच मिशनचे तिथले पाळक कार्ल राइनडॉर्फ यांनी दोनशेहून अधिक माणसांच्या तोंडून ऐकून गोल्ड कोस्टचा इतिहास लिहिला, तो १८९५मध्ये बासेललाच छापला गेला. मिशननं शिकवलेल्या माणसानं आपल्या लोकांचं बोलणं कागदावर आणलं. मंगळूरच्या कामगारांना असा राइनडॉर्फ मिळाला नाही, ही माझ्या पुस्तकातली सल आहे. ती नेमकी दिसली ती तुमच्या हट्टामुळे.

शेवट नगरला होतो, हे तुम्हीच लक्षात आणून दिलंत. पहिल्या महायुद्धात मिशनमधले जर्मन शत्रुराष्ट्राचे ठरले आणि त्यांच्यातल्या अनेकांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं गेलं. कारखाने सरकारनं ताब्यात घेतले, ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. मंगळुरातले कामगार तिथंच, त्याच भट्ट्यांपाशी राहिले. फक्त मालक बदलला.

या सगळ्या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आणलेले आंबे मात्र घेतलेत, आणि त्यातले निम्मे मलाच बांधून दिलेत. माझ्या टंकलेल्या प्रत्येक पानावर तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. ती पानं मी जपून ठेवली आहेत. या लिपीशी झगडणाऱ्या मुलांना ती दाखवायची तुमची परवानगी हवी आहे.

आणखी एक. कण्णूरच्या विणकामशाळेच्या पत्रांचा गठ्ठा आला आहे, अक्षर भयंकर आहे. यावेळी दुप्पट मोठं करून छापून आणते, म्हणजे भिंग लागणार नाही.

तुमची,
एक विद्यार्थिनी