आरोग्यमंत्रीसाहेब, आमचंही पासिंग करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, मी ठाण्यात बावीस वर्षं रिक्षा चालवतोय. नऊ वर्षांपासून शुगर आहे. सकाळी सहाला सीटवर बसलो की डबासुद्धा रिक्षातच खातो. दिवसाचे दहा-अकरा तास बूड हलत नाही.

घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलं की पाठ धरते आणि लघवी तुंबते. मुतारीला जायचं तर रिक्षा लावायची कुठे? म्हणून आमच्यातले बरेच जण पाणीच कमी पितात. पाठीला मेडिकलमधली गोळी. मीही कित्येक महिने रोज एक घ्यायचो, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. अशा पेनकिलर किडनीला बाधतात, त्यात शुगर आणि पाणी कमी असेल तर जास्तच, हे मला कुणी सांगितलंच नाही. दुकानदार फक्त "गॅसची पण देऊ का सोबत?" एवढं विचारायचा.

ज्या दवाखान्यात जायचो तिथे दर तीन महिन्यांनी शुगर बघायचे, वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी. ते नॉर्मल, म्हणून मी निर्धास्त. मुलगी नर्सिंग शिकते. तिने मागे लागून लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घेतलं. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रेशो ३० च्या आत हवा, माझा १८० आला. परत तपासला, तरी तेच. किडनीचं बरंच नुकसान होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन गप्प असतं, लघवी आधी बोलते. मधुमेह्याने ही तपासणी वर्षातून एकदा तरी करायची असते म्हणे. नऊ वर्षांत माझी पहिलीच.

डॉक्टरांनी पेनकिलर बंद केली, औषधं बदलली आणि सांगितलं, आठवड्याला १५० मिनिटं भराभर चाला आणि दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं उठा. मला हसूच आलं. उठलो तर नंबर जातो! पण आता स्टँडवर रांग पुढे सरकली की इंजिन सुरू करत नाही, खाली उतरून रिक्षा ढकलत नेतो. मागचे टर उडवायचे, आता त्यातले दोघं माझ्यासारखंच करतात. रात्री तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो. चालून किडनी नवी होत नाही, पण शुगर आणि बीपी ताब्यात राहतं, आणि किडनीला तेच हवं. अमेरिकेत जास्त वजनाच्या पाच हजारांवर मधुमेह्यांपैकी निम्म्यांचं वजन घटवून, त्यांना व्यायामाला लावून वर्षानुवर्षं पाहिलं, तर त्यांच्यात गंभीर किडनीविकाराचा धोका बाकीच्यांपेक्षा ३१ टक्के कमी भरला. (आकडे मुलीचे. मी फक्त मीटरचे वाचतो.)

आमच्या रांगेतला एक जण आता आठवड्याला तीन वेळा डायलिसिसला जातो, दर वेळी चार तास. त्याची रिक्षा भाच्याकडे आहे.

रिक्षाचं पासिंग वेळच्या वेळी होतं, ब्रेक, दिवे सगळं बघतात. चालकाला लायसन्स रिन्यू करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यात डोळे-कान बघतात. लायसन्स पाच वर्षांनी येतं, लघवीची तपासणी दर वर्षी हवी. म्हणून ती स्टँडवर येऊन करा. रिक्षाचालकांचं कल्याणकारी मंडळ आहेच, त्याला सोबत घ्या. तपासणीत काही निघालं म्हणून लायसन्स अडवणार नाही, हे मात्र आधीच जाहीर करा, नाहीतर कुणी बाटली भरून देणार नाही. आणि मोठ्या स्टँडजवळ एक स्वच्छ मुतारी द्या. मग पाणी आम्ही आपणहून पिऊ.

शिबिर घेतलंत तर दुपारी दोन ते चार घ्या. सकाळी धंद्याची वेळ, तेव्हा कुणी फिरकणार नाही.

आपला,
एक रिक्षाचालक, ठाणे