पॉलिश न केल्याबद्दल आभार

ती. काकांना,
सा. न.

आजोबांचा डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते माणसाएवढं उंच वाद्य, विकला गेला. मुंबईत वाजवणाऱ्या एका ताईंनी घेतला. दुरुस्तीची मजुरी तुम्ही घेतलीत, हिशेब मिटला, तरी हे उघड पत्र लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला बऱ्याच गोष्टी करू दिल्या नाहीत.

शरणपूरच्या घरात तो सहा फुटी बेस आजोबांच्या माघारी नुसता उभा होता. तारा गंजलेल्या, पाठीचा सांधा उकललेला, आणि पुढच्या स्प्रूस लाकडाच्या फळीला एफ-होलपासून (इंग्रजी f च्या आकाराच्या भोकापासून) खाली चीर. एका दुकानदाराने सांगितलं होतं, घासून काढू, चिरेत फेविकॉल भरू, वरून चकाचक पॉलिश मारू. बाबा तयारही होते. तुम्ही एफ-होलमधून दातांच्या डॉक्टरांचा असतो तसला आरसा आत घातलात, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "जुनं वॉर्निश घासलंत तर मी हात लावणार नाही."

मग बाबांना बसवून समजावलंत. पाठ सपाट, तिला आतून आडव्या पट्ट्या. नाशिकच्या पावसाळ्यात मेपल लाकडाची पाठ रुंदीत फुगते, एप्रिलमध्ये आकसते, पट्ट्या तिला हलू देत नाहीत. कुठेतरी सुटणारच. सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्याच्या गोंदाने, जोडलेला सांधा सुटला तर ऊब आणि ओल देऊन पुन्हा जोडता येतो. पक्का गोंद भरला की पुढच्या वेळी सांध्याऐवजी लाकूड फाटतं. सरस तुम्ही पाण्याच्या भांड्यात साठ अंशांच्या आसपास ठेवायचात, उकळी कधीच नाही. (त्या वासाबद्दल आईचं मत अजून बदललेलं नाही.) चिरेला आतून स्प्रूसच्या बारीक चकत्या लावल्यात, बाहेरून चीर दिसते ती दिसतेच.

साउंडपोस्टसाठी, म्हणजे आतल्या उभ्या लाकडी दांडीसाठी, अख्खी सकाळ गेली. तो चिकटवलेला नसतो, पुढच्या-मागच्या फळीत नुसता अडकलेला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायामागे. केसभर सरकवायचात आणि बाबांना जाड तार छेडायला सांगायचात. एकदा त्या तारेचा 'ई' सूर फरशीतून पायाला लागला आणि बाबा काही बोललेच नाहीत.

विकतानाही तेच. आतल्या लेबलवर जर्मन कारागिराचं नाव होतं, जाहिरातीत आम्हाला तेच मोठ्या अक्षरांत हवं होतं. तुम्ही म्हणालात, लेबल कुणीही चिकटवतं. कारखान्यातला वाटतो, तसंच लिहा. प्रत्येक चिरेचा फोटो टाकायला लावलात. परदेशातून विचारणा आली तेव्हा शंभरी उलटलेल्या वस्तू देशाबाहेर पाठवायला 1972 चा पुरावशेषांचा कायदा आडवा येऊ शकतो, आधी चौकशी करा, हेही तुम्हीच सांगितलंत. किंमत उतरली, बाबा रुसले. खरं सांगायचं तर मीही.

पण त्या मुंबईच्या ताई ती जाहिरात वाचूनच नाशिकला आल्या. स्वतःचा आरसा घेऊन! आतल्या चकत्या एकेक पाहिल्या, तास-दीड तास वाजवलं आणि भावाची घासाघीस न करता पैसे दिले. तारा जराशा सैल करून, घोडीला धक्का लागणार नाही असा, गाद्यांमध्ये आडवा ठेवून टेम्पोने कसारा घाट उतरवला.

त्यांच्या बोचे (वाजवायच्या गजाचे) केस बदलायचे आहेत. मी तुमचा नंबर न विचारता दिलाय, रागावू नका. फोन दुपारी झोपेच्या वेळी करू नका, असं बजावून ठेवलंय.

आपली,
शरणपूरची पुतणी