बाबांनी सोडलेले दाणे आणि पीनट बटरच्या दोन बरण्या

प्रिय आई आणि बाबा,

दादा शनिवारी कराडला येतोय, त्याच्याकडे पीनट बटरच्या दोन बरण्या दिल्यात, घरी केलेलं आहे, विकतचं नाही. फोनवर सांगायला गेले की आई तू "ते असू दे, जेवलीस का" वर येतेस आणि मग सगळंच राहून जातं, म्हणून यावेळी नीट लिहूनच पाठवतेय. आधी हे पूर्ण वाचा आणि मगच बरणी उघडा.

बाबा, कवळी बसवल्यापासून तुम्ही दाणे सोडलेत. दिवाळीत मी बघत होते, चिवड्यातला एकेक दाणा तुम्ही बोटाने बाजूला करत होतात आणि बशीच्या कडेला दाण्यांची ओळ लागली होती. कूट घातलेली कोशिंबीरसुद्धा नको म्हणता, बारीक कण कवळीखाली जाऊन हिरडीला टोचतो हे मला कळतंय. पण तुम्ही भुईमुगाच्या रानात वाढलेला माणूस, दुपारी चहाच्या आधी मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा हे तुमचं ठरलेलं, ते बंद झालं आणि त्याच्या जागी आली चहात बुडवलेली बिस्किटं. वजन उतरलंय तुमचं, शर्ट खांद्यावरून ओघळतो आता. आई, तुझंही काही वेगळं नाहीये, रात्री दूधभात नाहीतर वरणभात, आणि तोही चार घास.

ब्रेडला लावून खायचं पोरांचं काहीतरी, असं तुम्हाला पीनट बटरबद्दल वाटतं हे माहितीये मला, पण इथे माझ्याकडे ते ब्रेडवर फार कमी जातं, आमटीत जातं, रश्श्यात जातं, नाचणीच्या खिरीत जातं, आणि दाणे न चावता पोटात जातात, चव मात्र अख्ख्या भाजलेल्या दाण्याची. मला एवढंच हवंय की बाबांचे दाणे परत सुरू व्हावेत.

बाबांना आकडे लागतात म्हणून सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलंय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, आणि वय वाढलं की स्नायू झिजतात म्हणून बरेच डॉक्टर याहून थोडं जास्तच घ्या म्हणतात. दोन मोठे चमचे पीनट बटर म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात ७-८ ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यापेक्षा थोडं जास्तच झालं. कॅलरी १९० च्या आसपास, म्हणून रोज दोन चमच्यांच्या पुढे जायचं नाही, पण तुम्हा दोघांना सध्या त्या हव्याच आहेत. दाण्यांनी शुगर पण एकदम उसळत नाही, बरोबर गूळ किती घेताय तेवढं बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आई तू बाबांना वाचून दाखव. हे नुसतं चमचाभर तोंडात टाकायचं नाही, कितीही मोह झाला तरी. घट्ट आणि चिकट असतं, टाळ्याला चिकटतं, कवळीवाल्या माणसाच्या घशात गोळा अडकू शकतो, ठसका लागून जीव घाबरा होतो. त्यामुळे कायम पातळ करून किंवा कशात तरी कालवूनच खायचं. पातळ करायची पद्धत अशी, वाटीत एक चमचा घ्या आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत चमच्याने फेटा. पहिल्या पाण्याला ते उलट आणखी घट्ट होतं, कोरडं पडल्यासारखं दिसतं, फाटलं की काय असं वाटेल, थांबू नका, वाटलेल्या दाण्याचे कण आधी पाणी ओढून घेतात म्हणून तसं होतं, अजून दोन-तीन चमचे पाणी गेलं की एकदम सैल पडतं आणि पांढरट, साईसारखं मऊ होतं. हे एकदा जमलं की पुढचं सगळं सोपं आहे.

माझा सगळ्यात आवडता प्रकार दाण्याची आमटी, एकादशीची वाट बघत नाही मी, ऑफिसमधून सानपाड्याला घरी पोचायला उशीर झाला की आठवड्यात एकदा तरी होतेच. तुपात जिरं, त्यात हिरवी मिरची ठेचून, वर ते सैल केलेलं पीनट बटर आणि गरम पाणी, दोन आमसुलं, गुळाचा लहान खडा, मीठ. बास. आच मंद ठेवायची, खळाखळा उकळलं तर तेल सुटून वेगळं होतं आणि आमटी चोथापाणी दिसते. आई तू कूट पाट्यावर वाटून करायचीस त्यात जो शेवटी तळाला रवाळ गाळ बसायचा तो यात बसत नाही, शेवटच्या घोटापर्यंत सारखी राहते, आणि बाबांना हेच तर हवंय. भगरीवर घ्या नाहीतर मऊ भातावर. उपासाला चालेल ही बरणी, दाणे आणि चिमूटभर सैंधव सोडून काहीही नाहीये त्यात.

भरल्या वांग्यांचं मात्र अर्धं-अर्धं करते मी. आत भरायच्या मसाल्यात कूटच पाहिजे, तिथे पीनट बटर घातलं तर मसाला लगदा होतो आणि वांग्याला धरून राहत नाही. पण रश्श्यात, कांदा-लसूण मसाला परतून झाला की एक मोठा चमचा पातळ करून ओता, रस्सा असा काही दाट होतो आणि वर तवंग येतो की खोबरं कमी घातलं तरी चालतं. तोच रस्सा मी दुसऱ्या दिवशी बटाट्याला, फ्लॉवरला, उकडलेल्या अंड्यांनासुद्धा वापरते. साबुदाण्याच्या खिचडीत आणि कोशिंबिरीत अजिबात घालू नका. साबुदाणा आधीच चिकट, त्याला कोरडं कूटच लागतं, आणि काकडीचं पाणी सुटून पीनट बटरचा नुसता चिखल होतो.

सकाळसाठी आई तुला सांगते, नाचणीचं सत्त्व दुधात शिजवतेस तसंच शिजव, गॅस बंद केल्यावर एक चमचा पीनट बटर आणि अर्धं पिकलेलं केळं कुस्करून घाल, साखर लागतच नाही. इथे नातू शाळेत जायच्या आधी हेच खाऊन जातो, डब्यात पोळीचा रोल असतो, आत पीनट बटर आणि केळ्याचे काप, तो डबा रिकामा येतो एवढं सांगते. बाबांसाठी दुपारचं म्हणजे बाजरीची गरम भाकरी कुस्करायची, त्यावर किसलेला गूळ, एक चमचा पीनट बटर आणि दोन चमचे गरम दूध, हाताने कालवून मऊ मऊ करायचं. दाणे-गुळाचीच चव आहे ही, फक्त चावायला लागत नाही. तिखट हवं असेल तर ठेचा बारीक वाटून त्यात पीनट बटर आणि ताक, भाकरीला लावायला इतकं छान लागतं की भाजी नको वाटते.

अजून एक प्रकार कराल का बघा. इंडोनेशियात गाडो-गाडो म्हणून करतात, वाफवलेल्या भाज्या, उकडलेला बटाटा, अंडं, आणि वर दाण्यांचा सॉस. त्या सॉसमध्ये काय असतं तर दाणे, चिंच, गूळ, लसूण, मिरची, म्हणजे आपल्या डब्यातलंच सगळं. मी गाजर, फरसबी, कोबी, बटाटा कुकरला एक शिट्टी जास्त देऊन मऊ करते आणि चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट, ठेचलेली लसूण, पीनट बटर गरम पाण्यात फेटून वर ओतते. भाज्या अंगठ्याने दाबल्या तर मोडतील इतक्या मऊ असू दे. तिकडे आफ्रिकेत सेनेगल, मालीकडे टोमॅटोच्या रश्श्यात दाणे वाटून घालतात, माफे म्हणतात त्याला, भाताबरोबर खातात, ते वाचल्यापासून मी टोमॅटोच्या साराला पण एक चमचा घालायला लागलेय. आंबटपणा गोल होतो, बाबांच्या ॲसिडिटीला काय वाटेल ते बघून थोडं थोडं घाला.

बाबा, तुम्ही लहानपणी आम्हाला अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या शेतीशास्त्रज्ञाच्या गोष्टी सांगायचात, कापसाने जमीन खाल्ली तेव्हा भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागलेला माणूस. त्यांनी १९१६ साली शेतकऱ्यांसाठी शेंगदाण्याचे १०५ खाण्याचे प्रकार छापून काढले हे खरं, पण पीनट बटर त्यांनी शोधलं असं बरेच जण सांगतात ते खरं नाही. त्याच्याही आधी १८८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेले दाणे दळून पेस्ट करायचं पेटंट घेतलं होतं, आणि १८९५ मध्ये डॉक्टर केलॉग यांनी पेटंटसाठी अर्ज केला, कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग, त्यांच्या अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात मांसाहार नव्हता, तिथे राहणाऱ्या रुग्णांना ते दाणे बारीक वाटून खायला द्यायचे. म्हणजे पोरांचा खाऊ वगैरे नंतर झालं, आधी ते आजारी माणसाच्या ताटातलंच.

बरण्या संपल्या की घरी करा, आपला मिक्सर पुरे. अर्धा किलो दाणे मंद आचेवर हलवत भाजायचे, सालं तडकली आणि मधला दाणा फोडल्यावर आतून बिस्किटी रंग दिसला की उतरवायचे. बाबांनी सालं चोळून सुपात पाखडावीत, हे काम त्यांचंच. दाणे कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घालून फिरवायचे. आधी कूट होतं, मग भांड्याच्या कडेला चिकटून गोळा होतो आणि मिक्सर नुसताच गुरगुरतो, इथे बहुतेक लोक पाणी नाहीतर तेल ओततात, ते अजिबात नको. चमच्याने खाली ढकलायचं, मिनिटभर मिक्सर थंड होऊ द्यायचा, परत फिरवायचं. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, वाटता वाटता ते बाहेर येतं आणि एका क्षणी गोळा विरघळून चकचकीत, ओघळणारं होतं. सोलापूरची शेंगाचटणी उखळात कुटताना तेल सुटतं नं, तेच हे, फक्त इथे शेवटपर्यंत जायचं. बाबांसाठी अजून दोन मिनिटं जास्त फिरव, बोटांत चोळून बघ, रवा लागता कामा नये.

दाणे निवडताना हयगय करू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे, कडू लागणारे सगळे फेकून द्या, कोंबड्यांना पण घालू नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरला वाईट असतं आणि भाजून ते पूर्ण जात नाही. पावसाळ्यात पोत्यात राहिलेले दाणे तर नकोच. झालेलं पीनट बटर काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा, ओला चमचा घालायचा नाही, वर तेल तरंगेल ते ओतून न देता ढवळून घ्यायचं. इथे खाडीच्या दमट हवेत ते लवकर खवट होतं म्हणून मी फ्रीजमध्येच ठेवते, तुम्ही पण ठेवा, घट्ट झालं तर कोमट पाणी आहेच. आणि कधी विकतचं आणलंत तर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दादाकडून वाचून घ्या, साखर आणि हायड्रोजनेटेड तेल असेल तर ठेवून द्या तिथेच, मीठ जास्त असेल तरी नको, बाबांची बीपीची गोळी चालू आहे.

बाबा, एक विचारायचंय. ट्रेन वाशीच्या खाडीपुलावरून मानखुर्दकडे जाते तेव्हा मी ट्रॉम्बेच्या बाजूला बघते, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच तुमचं ते भुईमुगाचं टीएजी-२४ वाण झालं, ट्रॉम्बे आणि अकोला दोन्ही नावं आहेत त्यात, आणि ते तुम्ही आपल्या रानात इतकी वर्षं लावलंत. एपीएमसीच्या बाजूला दुकानात मला नुसतं "मोठा दाणा, बारीक दाणा" एवढंच सांगतात, वाण कोणालाच माहीत नसतं. लोणी काढल्यासारखं तेल कुठल्या दाण्याला जास्त सुटेल, तुमच्या टीएजी-२४ ला की त्या मोठ्या दाण्याच्या वाणाला, हे तुम्हीच सांगू शकाल. काकांच्या रानात उन्हाळी भुईमूग निघेल तेव्हा स्वतः जाऊन शेंगा बघा, चांगल्या वाळलेल्या दहा किलो बाजूला काढायला सांगा, पैसे मी काकांना पाठवते, ते नको म्हणाले तरी घ्यायला लावा.

आणि आई, पहिली आमटी केलीस की त्यात आमसूल बरं लागतं की चिंच, मला लगेच कळव, माझ्या घरात यावर अजून एकमत झालेलं नाही.

तुमची,
मनू