लालपेठला जाऊन आलो

नागपूर,
१९ जानेवारी

प्रिय सुध्या,

गेल्या आठवड्यात मी आणि वंदना दोन दिवस चंद्रपूरला जाऊन आलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण लग्नं, बारशी आणि दवाखाने सोडले तर दोघंच असे कधी कुठे निघालोच नाही. पोरगी महाबळेश्वरचं बुकिंग करून देत होती. वंदनाच म्हणाली, "सुधाकरभाऊजींचं चांदा बघू. तीस वर्षं नुसतं ऐकतेच आहे."

सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा करत गाडीने प्रवास कसा सरला कळलं नाही. जटपुरा गेटखाली दोघं मान वर करून उभे राहिलो. हत्तीवर मात करणारा तो गोंड राजांचा सिंह! खालून ऑटो, दुचाक्या, शाळेची पोरं सारखी जात होती. तू शाळेत जाताना रोज त्याच्याखालून जायचास, हे मी तिला दोनदा तरी सांगितलं.

अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजा बीरशहाच्या समाधीपाशी ती बराच वेळ बसली. नवरा मारला गेल्यावर राणी हिराईने कारभार सांभाळला, ही समाधी बांधली, महाकालीचं देऊळही तिनेच उभारलं. वंदना काही बोलली नाही. उठताना मात्र दगडाला हात लावून नमस्कार केला. माझं दोन वर्षांपूर्वीचं ऑपरेशन तिला आठवलं असणार. मी विचारलं नाही.

आणि मग तुझं कोळशाच्या खाणीचं लालपेठ. आपल्या होस्टेलच्या गच्चीवर तू सांगायचास तो 'रावण' अखेर पाहिला. तो रावण नाही रे, ती दुर्गा आहे. दहा तोंडं, दहा पाय, सगळं एकाच दगडात, आणि उघड्या आभाळाखाली उताणी पडलेली. रायप्पा नावाच्या धनवान कोमटी व्यापाऱ्याला मोठं देऊळ बांधायचं होतं, पण त्याच्या मरणाने सगळं तसंच राहिलं. दगड उन्हाने कोमट झाला होता. पायाच्या बोटांशी कुणीतरी वाहिलेलं झेंडूचं फूल सुकून चिकटलं होतं, आणि कोरलेल्या खाचांत बारीक काळी धूळ बसली होती. वंदनाने पदराने एक चेहरा पुसला. पदर काळा झाला.

तो पदर बघत ती म्हणाली, "बाबा एम्प्रेस मिलमधून आले की त्यांच्या केसांत कापूस असायचा. आई दारातच झटकायची. भाऊजींच्या घरी कोळसा झटकत असतील." सुध्या, १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या जागी आता मॉल आहे. तिथून आम्ही शेकडो वेळा गेलो असू, पण सासऱ्यांच्या केसांतला कापूस तिने मला पहिल्यांदा सांगितला तो लालपेठला, तुझ्या कॉलरीच्या वाटेवर. तिथल्या चहाच्या टपरीवर मग आम्ही तासभर बसलो. ती बोलत होती, मी ऐकत होतो. मिलचा भोंगा, पगाराच्या दिवशीची जिलेबी, संपातले दिवस. पाळी सुटली तशी माणसं डबे घेऊन बाहेर पडू लागली, तेव्हा ती बोलता बोलता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

तुझं क्वार्टर काही सापडलं नाही. तू सांगितलेली चिंच शोधली, दोन म्हाताऱ्यांना विचारलं, पण वसाहत बदलली आहे. ते आता तूच दाखव. चांद्याचं ऊन तापायच्या आत, फेब्रुवारीतच ये. वहिनींना घेऊन ये. नागपूरहून चौघं मिळून जाऊ. वंदनाने डब्यात काय न्यायचं तेसुद्धा ठरवून ठेवलंय.

तुझा,
दिल्या