बियॉन्सेला एकही नॉमिनेशन नाही?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या सीएमए म्हणजे कंट्री म्युझिक (तिकडचं गावाकडच्या वळणाचं संगीत) असोसिएशनच्या अवॉर्ड्सची २०२४ ची नॉमिनेशन्स बघितली आणि डोकंच फिरलं. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला एकही नाही! अहो मार्चमधे आलेला अल्बम, बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री अल्बम्सच्या लिस्टमधे पहिला, त्यातलं 'टेक्सास होल्ड एम' १० आठवडे कंट्री गाण्यांत नंबर वन, आणि हे लोक कानात बोळे घालून बसलेत. ती पॉपवाली म्हणून नको म्हणावं तर रॅपमधून आलेल्या पोस्ट मलोनला चार नॉमिनेशन्स कशी काय दिलीत? (तो गातो चांगलं, त्याच्याशी भांडण नाही.) शबूझी ह्या बियॉन्सेसारख्याच कृष्णवर्णीय गायकालाही दोन आहेत, म्हणजे सरसकट रंग बघितला असंही म्हणता येत नाही, मग नक्की खुपलं कुठे ते तरी सांगा. 'टेक्सास होल्ड एम'च्या सुरुवातीला रिअॅनन गिडन्स ह्या कृष्णवर्णीय कलावतीचा बँजो वाजतो तो नुसता ऐका, आणि बँजो तर मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडूनच आलेलं वाद्य. २०१६ ला ह्याच अवॉर्ड्सच्या स्टेजवर बियॉन्सेला गायला बोलावलं तेव्हा बरी चालली! मतं सीएमएचेच मेंबर देणार, त्यामुळे जाब विचारायचा कोणाला.

कळावे,
ह्यूस्टनहून (हो, तिच्याच गावातून) एक वाचक